व्हर्लाचा रिकामा रोस्टर

जोलीन शनिवारी घरी स्लॉपी जो करणार आहे, तू जेवायला ये, असं लाइलने फोनवर सांगितलं तेव्हा त्याच्या आईला, व्हर्ला ब्रँडहोर्स्टला, हसूच आलं. पावात सैल खिमा भरण्याला आयोवाच्या या भागात कुणी कला म्हणत नाही. व्हर्ला म्हणायची. आणि त्या कलेत शिलर गावात आपल्या जवळपास कुणी फिरकत नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. जोलीन तिची सून, नदीपलीकडची, नेब्रास्काची. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. दिवसभर दंतवैद्याकडे लोकांचे दात घासून देते आणि घरी येऊन डबे फोडते, एवढंच व्हर्लाचं तिच्याबद्दल मत होतं, आणि ते तिने कधी लपवून ठेवलं नव्हतं.

"तिला येतात स्लॉपी जो?" तिने विचारलं.

"आई, तू ये. साडेपाचला."

फोन ठेवल्यावर मात्र हसू ओसरलं. व्हर्ला काही दुधखुळी नव्हती. तीन आठवड्यांनी केल्सीचं, लाइलच्या एकुलत्या एका मुलीचं, शाळा संपल्याचं जेवण होतं. गॅरेजमध्ये टेबलं मांडायची, पोरीचे लहानपणापासूनचे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि दुपारभर दोनशे माणसांना जेवू घालायचं. अशा जेवणाला खिमा व्हर्लाचाच, हे कधी ठरवावं लागलं नव्हतं. पण यंदा अजून कुणी तिच्यापाशी विषय काढला नव्हता, आणि आता हे आमंत्रण. सून आपला खिमा पुढे करणार, घरचे माना डोलावणार, मग लाइल जमिनीकडे बघत म्हणणार की आई, यंदा तू दगदग करू नकोस. पोरगा बापावर गेला होता. खरं बोलायचं झालं की त्याला जमीन लागायची.

तर जायचं, एक घास घ्यायचा आणि तिथल्या तिथे निकाल लावायचा, असं तिने ठरवलं. फार बोलायची गरजही नव्हती. व्हर्लाने घास घेऊन "हं" एवढं म्हटलं तरी शिलरमधल्या बायका तो पदार्थ पुन्हा करत नसत.

हा दरारा तिने फुकट मिळवला नव्हता. अडतीस वर्षं चर्चच्या तळघरात जेवणावळींना तिने खिमा पुरवला होता. तिथे प्रत्येक बाई आपल्या भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून नाव लिहिते, म्हणजे धुतल्यावर भांडी ज्याच्या त्याच्या घरी जातात. बाकीच्या बायका ती पट्टी भांडं परत नेण्यासाठी वाचत. व्हर्ला भांडी धुण्याआधीच वाचायची, आणि कुणाच्या भांड्यात किती उरलंय ते बघायची. पास्टरच्या बायकोचं ट्यूना-नूडल अर्धं उरायचं. लव्होन टिमचे बीन्स पाऊण उरायचे, तरी ती दर वेळी पातेलं मोठंच आणायची. आणि अर्डिस मोरचं ते नारिंगी जेलीचं सॅलड, ज्यात किसलेलं गाजर तरंगत असायचं, ते तर लोक अर्डिस समोर उभी असेल तेवढा वेळच वाढून घेत. व्हर्लाचा रोस्टर, पांढऱ्या इनॅमलचं ते भलंमोठं विजेचं भांडं, नेहमी खरवडलेला असायचा. तोंडावर लोक काहीही गोड बोलतात, त्यावर तिचा विश्वास नव्हता. तिचा विश्वास भांड्याच्या तळावर होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तिने कुणालाही सांगितली नव्हती. दोन हिवाळ्यांपूर्वी तिला फ्लू झाला. दहा दिवस अंथरुणात काढून ती उठली तेव्हा तोंडाची चव गेलेली होती. कमी झालेली नव्हे, साफ गेलेली. वासही गेला. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, बेकन म्हणजे कुरकुरणारं काहीतरी. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू, किंवा नाहीही येणार. ती आली नाही. जिने भर तळघरात लव्होनला तुझी दालचिनी शिळी आहे म्हणून सुनावलं होतं, तिने हे सांगायचं तरी कुणाला? नवऱ्यालाही सांगितलं नाही. ऑर्व्हिलला चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात स्वतःचे मोजे कधी सापडले नव्हते, त्याला हिची हरवलेली चव काय कळणार होती. जेवताना तो तेव्हा तीन-तीन ग्लास पाणी प्यायला लागला होता. काय उंटासारखा पाणी पितोस, म्हणून ती त्याला चारचौघांत बोलायची, आणि तो हसून चौथा ग्लास भरायचा.

आणि तिचं कुठे काही अडलं नाही. हाताला सगळं पाठ होतं. मांस किती परतायचं, बटाटे कुस्करायच्या दांड्याने ते किती बारीक दाबायचं, डब्यातलं चिकन गंबो सूप कधी ओतायचं, मोहरीची पेस्ट, साखर, केचप, मीठ, सगळं. फ्लूनंतर तीनदा तिने रोस्टर भरला: टिम मंडळींच्या शेताच्या लिलावाला, ऑर्व्हिल गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या जेवणाला, आणि गेल्या शरदात चर्चच्या सुगीच्या जेवणाला. तिन्ही वेळा रोस्टर खरवडून परत आला. त्यावरून व्हर्लाने निष्कर्ष काढला की जीभ हा स्वयंपाकातला एक अनावश्यक अवयव आहे. गावातल्या सगळ्या बायकांना तो होता, आणि त्यांचा स्वयंपाक सगळ्यांना माहीत होता.

ऑर्व्हिलच्या जेवणाला तर तिने कमाल केली. त्या दिवशी चर्चच्या बायका म्हणाल्या, तू बस, आम्ही करतो. त्यावर ती म्हणाली, माझ्या नवऱ्याला मी जिवंतपणी तुमच्या हातचं खाऊ घातलं नाही, आता काय म्हणून घालू? सकाळी काळा ड्रेस घालायच्या आधी तिने तीस पौंड खिमा शिजवला आणि लाइलने रोस्टर गाडीत घालून पुढे नेला. जेवण झाल्यावर ती टेबलाटेबलावर जाऊन विचारत होती आणि लोक सांगत होते की व्हर्ला, इतका चांगला तूही कधी केला नव्हतास. तिनेही सगळ्यांना तेच ऐकवलं. फक्त एक गोष्ट खटकली. पास्टरच्या ताटलीत उरलेल्या रश्श्यात तिला नारिंगी तंतू दिसले. अर्डिसचं जेली-सॅलड पाघळून आपल्या खिम्यात गेलं, हे तिला तिथेच कळलं. ऑर्व्हिलच्या जेवणात. तेव्हापासून दीड वर्षं ती अर्डिसशी बोलली नव्हती, आणि का बोलत नाही हे अर्डिसला सांगावं इतकी तिची लायकीही तिला वाटत नव्हती.

शनिवारी साडेपाचला बोलावलं होतं म्हणून व्हर्ला पावणेपाचला गेली. शिजलेलं सगळेच दाखवतात, शिजताना बघावं लागतं. दारात लाइलचा डच नावाचा म्हातारा कुत्रा आडवा पडला होता. त्याने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि मिटला. स्वयंपाकघरात जोलीन शाळेच्या नावाचा ढगळा शर्ट घालून शेगडीपाशी उभी होती.

"लवकर आलात, व्हर्ला. बसा."

व्हर्ला बसली नाही. ती मागे उभी राहून बघू लागली. कांदा जाड चिरलेला होता. मांस लाकडी चमच्याने फोडलं जात होतं आणि त्यात चांगल्या बोराएवढ्या गाठी होत्या. पाव दुकानातले, पिशवीतून काढून तसेच थंडगार मांडलेले. हे सगळं बघताना तिला जे वाटत होतं त्याला राग म्हणता आलं नसतं. छान वाटत होतं. फक्त कचऱ्याच्या डब्यावर तिची नजर गेली तेव्हा ती थबकली. वरच चिकन गंबो सूपचा रिकामा डबा पडला होता. खिम्यात हे सूप घालायची युक्ती तिने उभ्या जन्मात कुणाला सांगितली नव्हती. कुठल्यातरी नेब्रास्कावालीला आपोआप सुचली असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं, पण मनाला लागलं.

मग जोलीनने किसणी घेतली आणि दोन गाजरं सरळ पातेल्यात किसली.

"हे काय?" व्हर्लाने विचारलं.

"गाजर."

"ते दिसतंय. कशाला?"

"केल्सी लहानपणी भाजीला तोंड लावायची नाही. तेव्हापासून घालते, आता हात आपोआप जातो." जोलीन हसली. "कळतही नाही त्यात."

"तुला कळत नसेल," व्हर्ला म्हणाली.

साडेपाचला सगळे टेबलाशी बसले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं आणि खिडकीतून नांगरून ठेवलेलं काळं शेत दिसत होतं. लाइलने हात जोडून प्रार्थना पुटपुटली. केल्सीने चिप्सची पिशवी फोडली, लोणच्याच्या काकड्यांची बरणी फिरली, आणि जोलीनने पहिला पाव व्हर्लाच्या ताटलीत ठेवला. बाकीच्यांचे हात तसेच थांबले. गावात जे व्हायचं ते या टेबलावरही झालं. आधी व्हर्ला.

तिने घास घेतला. अर्थातच काही लागलं नाही. तोंडात गरम, ओलं, मऊ काहीतरी आलं, दोन वर्षं येतं तसं. निकाल तर घरूनच ठरवून आणलेला होता. ती "हं" म्हणणार, एवढ्यात दातात काहीतरी अडकलं. तिने ते जिभेने ओढून बोटावर घेतलं. नारिंगी तंतू. तिने पाव उघडून पाहिला. तांबड्या रश्श्यात तसलेच बारीक तंतू पसरलेले होते, आणि ते तिने आधी पाहिले होते, पास्टरच्या पांढऱ्या ताटलीत, असेच.

"मीठ बरोबर आहे का, व्हर्ला?" जोलीनने विचारलं.

व्हर्ला पावाकडे बघत राहिली. अर्डिसचं जेली-सॅलड थंड असतं. पाघळलं तर एका ताटलीत पाघळेल. पण तिला आता आठवलं की त्या दिवशी तिने टेबलाटेबलावर चक्कर मारली होती, आणि तंतू एकाच ताटलीत नव्हते. ते तिला तेव्हाही दिसले होते. तिने बघायचं नाकारलं होतं.

"लाइल," ती म्हणाली, "तुझ्या बाबांच्या जेवणाचा खिमा कुणी केला होता?"

लाइलने जमिनीकडे पाहिलं. केल्सी चिप्स चावायची थांबली. एवढं झाल्यावर उत्तराची गरज नव्हती, पण जोलीन जमिनीकडे बघणाऱ्यांतली नव्हती.

"मी," ती म्हणाली.

"आणि लिलावाचा?"

"तोही मीच. आणि सुगीचाही."

ते कसं झालं ते मग जोलीननेच सांगितलं, आवाज न चढवता, दात किती किडलाय हे सांगतात तसं. फ्लूनंतर महिनाभराने ऑर्व्हिल एकटाच गाडी घेऊन इथे आला होता, याच खुर्चीत बसला होता. व्हर्लाची चव गेली हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती नासलेलं दूध कॉफीत घालून प्यायली होती. मीठ किती घालायचं हे तिचा हात विसरला नव्हता, पण घातलं की नाही हे हाताला आठवत नव्हतं. पूर्वी ते जीभ सांगायची. आता ती दोनदा घालायची, कधी तीनदा. लिलाव जवळ आल्यावर त्यानेच हा बेत काढला. रोस्टर लाइल नेतो, तर वाटेत इथे थांबायचं, आतलं भांडं काढून रिकामं करायचं, जोलीनचा खिमा त्यात ओतायचा आणि पुढे जायचं. कृतीही त्यानेच सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, गंबो सूपच्या डब्यासकट.

"ऑर्व्हिलला कृती येत होती?" व्हर्लाने विचारलं. इतक्या सगळ्यात तिला हेच खरं वाटेना.

"चव्वेचाळीस वर्षं समोर बसून बघत होते ना ते," जोलीन म्हणाली.

व्हर्लाच्या डोळ्यांपुढे ते पाण्याचे ग्लास आले. तीन, मग चौथा. आणि ती चारचौघांत त्याला काय म्हणायची तेही आठवलं. पण रडणं हा प्रकार तिने ऑर्व्हिलच्या दफनालाही केला नव्हता, आणि जोलीनच्या स्वयंपाकघरात सुरू करायचा तिचा विचार नव्हता.

"मला का नाही सांगितलं?"

"बाबा नको म्हणाले." या वेळी लाइल बोलला, आणि आश्चर्य म्हणजे तिच्याकडे बघून बोलला. "ते म्हणाले, लोकांना नावं ठेवायची तर माणसाकडे स्वतःचं एक तरी चांगलं लागतं. तेवढं राहू दे तिच्याकडे."

टेबलाखाली डचने पाय ताणले.

"आणि माझ्या खिम्याचं काय केलंत?"

लाइल पुन्हा जमिनीकडे वळला. "पहिल्या वेळी डचला घातला."

"मग?"

"त्याने नाही खाल्ला, आई."

हा कुत्रा रस्त्यावर मेलेली घूस खातो हे साऱ्या शिलरला माहीत होतं. व्हर्लाने टेबलाखाली वाकून त्याच्याकडे पाहिलं. त्याने शेपटी एकदा आपटली.

"पुढचे दोन्ही शेडमागे खड्ड्यात गेले," जोलीन म्हणाली. "म्हणूनच आज बोलावलं. केल्सीला चाळीस पौंड तुम्ही करणार, चाळीस पौंड मी करणार, आणि तुमचा पुन्हा खड्ड्यात. मला ते करवत नाही आता, व्हर्ला. ते मांस आहे, माती नाही. आज तुम्हाला सगळं सांगायचं असं मी ठरवलं होतं. लाइल म्हणत होता, जेवण झाल्यावर सांगू."

व्हर्लाला या बाईचा बावीस वर्षांत आला नव्हता इतका संताप आला. नेब्रास्काची, दात घासणारी, जाड कांदे चिरणारी ही बाई दोन वर्षं तिचं नाव सांभाळत होती, आणि तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. कुणी फसवलं असतं तर सहन झालं असतं. हिने दया केली होती. दया करायचं काम व्हर्लाचं होतं, आणि तिने ती कधी कुणावर केली नव्हती.

ती उठली, पर्स घेतली. दारापाशी वळून म्हणाली, "दोन वर्षं लबाडी केलीत, तीही धड जमली नाही. गाजर बारीक किसणीने किसायचं. मला दफनाच्या दिवशीच दिसलं होतं."

पुढचे दहा दिवस तिने फोन उचलला नाही. घरात एकटी बसून ती सगळ्यांचा हिशोब घेत होती. लाइल भित्रा. जोलीन आगाऊ. ऑर्व्हिलवर तिला सगळ्यात जास्त चिडायचं होतं, पण दर वेळी ते पाण्याच्या ग्लासापाशी येऊन अडायचं. एकदा तिने मुद्दाम खिमा केला, थोडासाच, आणि डचच्या वाणातल्या शेजारच्या कुत्रीपुढे ठेवला. कुत्रीने हुंगून तोंड फिरवलं. अकराव्या दिवशी व्हर्लाने रोस्टर घासला, तळाची जुनी चिकटपट्टी निघाली होती ती नवी लावून त्यावर आपलं नाव लिहिलं, झाकणावरचं पुसट झालेलंही गिरवलं, आणि स्वतः गाडीत घालून तो रिकामाच जोलीनच्या दारात नेऊन ठेवला. "तुझं भांडं पुरणार नाही," एवढंच म्हणाली. कुस्करायचा दांडा आत ठेवला होता.

केल्सीच्या जेवणाला ऊन चांगलं पडलं होतं. गॅरेजचं दार वर गेलेलं, शाळेच्या रंगाच्या कागदी झिरमिळ्या, पुठ्ठ्यावर बोळक्या तोंडाची केल्सी. मधल्या टेबलावर व्हर्लाचा रोस्टर गरम होत होता आणि त्यात जोलीनचा खिमा होता. गाठी नव्हत्या. गाजर शोधूनही सापडत नव्हतं. व्हर्ला शेजारी घडीच्या खुर्चीवर बसली होती, आणि येणारं प्रत्येक माणूस झाकणावरचं नाव वाचून तिच्याकडे बघून मान डोलावत होतं. ती काही म्हणत नव्हती. जोलीनही म्हणत नव्हती. ती पाव उघडून देत होती आणि घाम पुसत होती.

दोनच्या सुमारास अर्डिस मोर आली. दीड वर्षाच्या अबोल्यानंतर तिने धीर केलेला दिसत होता. ताटलीत पाव घेऊन ती सरळ व्हर्लाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, मागोमाग लव्होन टिम. अर्डिसने मोठा घास घेतला, डोळे मिटले.

"काही म्हण, व्हर्ला," ती म्हणाली, "ही चव या गावात दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही."

व्हर्ला नुसती हसली असती तर झालं असतं. अडतीस वर्षं ती तेच करत आली होती. तिने जोलीनकडे पाहिलं. जोलीनने ऐकलं होतं आणि न ऐकल्यासारखं करून पुढचा पाव भरायला घेतला होता. ते बघून व्हर्लाला ते पाण्याचे ग्लास पुन्हा आठवले.

"माझ्या हातचा नाही तो," ती म्हणाली. "जोलीनने केलाय."

अर्डिसचं तोंड चालायचं थांबलं. मग सावकाश पुन्हा चालू लागलं, पण आता वेगळ्या तऱ्हेने. "हो का?" ती म्हणाली. "तरीच. मी म्हटलं, जरा गोडसर लागतोय."

"आणि पातळ," लव्होन म्हणाली. तिचा दुसरा पाव अर्धा झाला होता. "चांगला आहे, नाही असं नाही. पण तुझा तो तुझा."

"ऑर्व्हिलच्या जेवणाचा आठवतो मला अजून," अर्डिस म्हणाली. "असा परत होणे नाही."

व्हर्ला त्या दोघींकडे बघत राहिली. धडधाकट जिभा, दोघींच्या तोंडात, आणि त्यांना तोच खिमा कळत नव्हता जो त्या दोन वर्षं वाखाणत होत्या. तिला इतकी तुच्छता उभ्या आयुष्यात कुणाबद्दल वाटली नव्हती, आणि ती मजेत घ्यावी म्हणून ती खुर्चीत नीट सावरूनही बसली. तेवढ्यात तिच्या मनात पुढचा विचार आला. या बायका झाकण वाचून जेवत होत्या. आत्ता वाचत होत्या, लिलावाला वाचत होत्या, दफनाला वाचत होत्या. मग त्याआधी? फ्लूच्या आधीची ती छत्तीस वर्षं? तो खरवडलेला तळ? तेव्हा तिला चव होती, तिने स्वतः चाखलं होतं, चांगलाच होता. पण ते सांगू शकणारा माणूस एकच होता, जो तिच्या स्वयंपाकाला कधी वा म्हणाला नाही, नुसता बघत बसायचा आणि कृती पाठ करून गेला. त्याला विचारायला हवं होतं. त्याला तिने काही म्हणजे काही विचारलं नव्हतं.

ती उठली आणि ताटली घेऊन रोस्टरपाशी गेली.

"मला दे एक," ती जोलीनला म्हणाली. जोलीनने तिच्याकडे पाहिलं, पाव भरला आणि दिला. गॅरेजमधल्या गप्पा थोड्या खाली आल्या. व्हर्ला घास घेतेय म्हटल्यावर लोक बघणारच.

तिने घास घेतला. गरम, ओलं, मऊ काहीतरी. ती बराच वेळ चावत राहिली, जिभेवर घोळवलं, डोळे बारीक केले, लव्होनची दालचिनी पकडली होती तेव्हा केले होते तसेच.

"मीठ बरोबर आहे," ती अर्डिसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "माझ्याहून चांगला झालाय. ज्यांना कळत नाही त्यांनी घरी जाऊन जेली खावी."

अर्डिस लाल झाली. लव्होनने राहिलेला घास पटकन तोंडात टाकला आणि म्हणाली की हो, आता नीट लागतोय खरा. रांग पुन्हा रोस्टरकडे सरकली. जोलीनचे हात पावावर थांबले होते. या टेबलाशी उभं राहून व्हर्लाला काय लागलं आणि काय नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"व्हर्ला," ती हळूच म्हणाली, "पाणी देऊ का?"

"दे," व्हर्ला म्हणाली, आणि तिने सगळा ग्लास उभ्याउभ्या पिऊन टाकला.